निरोप वेळेत पोहोचावा



ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या आणि चार हुतात्म्यांच्या सोलापुरात स्वागत समितीच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत. धावत्या वाहनांनी आपसांत माहिती कशी पोहोचवावी, यावरची परिषद इथे भरावी हे योग्यच झाले. पुणे-हैदराबाद आणि धुळे-विजयपूर हे महामार्ग इथे भेटतात. मराठी, कानडी, तेलुगू बोलणारे ड्रायव्हर एकाच ढाब्यावर जेवतात.

मी मालवाहतुकीच्या धंद्यातला माणूस. तुमची समीकरणे मला कळणार नाहीत, अडचण मात्र कळते. गळीत हंगामात रात्री मोहोळजवळ उसाची ट्रॉली आडवी झाली, तर मागून येणाऱ्याला ते कळते कसे? पलीकडच्या बाजूने येणारा ट्रकवाला डिपर मारतो, खिडकीतून हात काढून 'हळू' असे खुणावतो. अपघात त्याने नुकताच पाहिलेला असतो आणि ज्यांना खबर हवी, त्यांच्याच दिशेने तो निघालेला असतो. उलट दिशेच्या वाहनावर निरोप सोपवण्याची ही युक्ती तुमच्या शास्त्रातही आहे, असे मला इथल्या प्राध्यापकांनी सांगितले.

डिपर एखाद-दोघांना दिसतो. रेडिओसंदेश आसपासच्या सगळ्यांना ऐकू जातो. पण प्रत्येकाने तो पुन्हा पाठवला, तर टोलनाक्याच्या रांगेत नुसता गलका होईल आणि कामाची खबर त्यात बुडेल. म्हणून सर्वांत लांबच्या गाडीने निरोप पुढे द्यावा, मधल्यांनी तो ऐकून गप्प बसावे. ब्रॅड कार्प आणि एच. टी. कुंग यांनी २००० साली मांडलेली जीपीएसआर पद्धतही याच वळणाची: मुक्कामाला सर्वांत जवळ असलेल्या शेजाऱ्याच्या हाती माहिती द्यायची. पण हाती द्यायला वेळ थोडाच. ताशी ८० किलोमीटरने दोन गाड्या समोरासमोरून गेल्या आणि यंत्राचा पल्ला ३०० मीटर धरला, तर त्यांची गाठ जेमतेम साडेतेरा सेकंदांची.

मध्यरात्रीनंतर कित्येकदा पल्ल्यात दुसरी गाडीच नसते. मग माहिती जवळ बाळगून, कोणी भेटेपर्यंत वाहून न्यावी लागते. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, दोड्डबळ्ळापूर तालुक्यात, या शतकाच्या सुरुवातीला डाकनेट प्रकल्पाने हे करून दाखवले. सरकारी बसवर वायफाय यंत्र बसवले. गावातली केंद्रे आणि तालुक्याचे कार्यालय यांच्यात जमिनीच्या नोंदींची माहिती त्या बसने वाहून नेली.

एक मागणी करतो. वाहनांमधल्या रेडिओसंदेशांसाठीचे ८०२.११पी हे मानक २०१० साली आले, पण आमच्या ट्रकांत त्यावर चालणारे यंत्र अजून दिसत नाही. उद्या आले तरी आधी महागड्या मोटारींत येईल. शंभरातल्या दहाच गाड्यांत ते असेल, तेव्हा तुमची पद्धत किती टिकते ते तपासा. संगणकावरच्या रस्त्यावर मागचा दिवा नसलेली ट्रॉली आणि लेन न पाळणारी दुचाकीही सोडा. आणि ज्या ट्रॉलीपासून धोका आहे, तिच्या मालकाला परवडेल असे यंत्र सर्वांत आधी बनवा.

जेवणात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आहे. संकोच करू नये. व्यवस्थेत काही उणे राहिल्यास पदरात घ्यावे. आपणा सर्वांचे पुन्हा स्वागत करतो आणि परिषदेला सुयश चिंतितो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!