रिकाम्या खाचा



पन्नाशीकडे झुकलेल्या संगणकासाठी आज नवे कार्ड रचायचे, हा खटाटोप कशासाठी, असे आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आले असेल. त्याचे उत्तर यंत्राच्या पोटातच आहे, म्हणून आधी तिकडे वळू.

१९७७ साली अमेरिकेत ‘अ‍ॅपल टू’ विक्रीस आला. त्याचे रचनाकार स्टीव्ह वॉझ्नियाक. कार्डे खोचण्यासाठी आत किती खाचा ठेवाव्यात यावरून त्यांचा व त्यांचे भागीदार स्टीव्ह जॉब्ज यांचा वाद झाला. जॉब्ज म्हणत, दोन पुरेत. एक छपाईयंत्रास, एक मोडेमला. वॉझ्नियाक आठांवर अडून बसले आणि आठच राहिल्या. पुढे १९८० साली मायक्रोसॉफ्टने झेड-८० हा निराळाच प्रोसेसर बसवलेले कार्ड काढले. ते खोचले की हाच संगणक सीपी/एम या परक्या प्रणालीचे कार्यक्रम चालवू लागे. पाहुण्याने येऊन थेट स्वयंपाकघर ताब्यात घ्यावे, तसला हा प्रकार!

कंपनीने यंत्राचा विद्युत्-आराखडाही पुस्तकात छापून टाकला होता. माझ्या मते या पानांचे मोल खाचांइतकेच आहे. आजही कार्ड रचणारा तीच पाने पुढ्यात घेऊन बसतो.

खाचेत ५० संपर्कबिंदू असतात. त्यांतून पत्त्यांच्या, माहितीच्या व विजेच्या सामाईक तारा जातात. या जुडग्याला ‘बस’ म्हणतात. आपल्या एस.टी.शी तिचे खरेच नाते आहे बरे का. दोन्ही नावे ‘सर्वांसाठी’ या अर्थाच्या लॅटिन ‘ऑम्निबस’वरून आलेली. आता सर्वांची म्हटली की शिस्त आली. माहितीच्या आठ तारांवर एका वेळी एकानेच बोलायचे. पुकारा होईपर्यंत कार्डाने त्या तारांपासून अलिप्त राहायचे. दोघे एकदम बोलले, तर एक तार वर ओढतो, दुसरा खाली. माहिती बिघडते आणि चिपा तापतात.

पुकारण्याचे काम मात्र मूळ फलकच करतो, ही वॉझ्नियाक यांची खुबी. प्रत्येक खाचेचे स्वतःचे १६ पत्ते आहेत. त्यांतला एखादा आला की त्या खाचेची ठराविक तार खाली जाते, आणि उत्तर अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या आत द्यावे लागते. आजच्या चिपांना हा काळ ऐसपैस. याखेरीज २०४८ पत्त्यांचा एक पट्टा सर्व कार्डांत मिळून आहे. त्याच्या शेवटच्या पत्त्याला हात लागला की तेथे बसलेल्या कार्डाने मुकाट्याने उठायचे. यंत्र हा नियम कोणाकडून सक्तीने पाळून घेत नाही. जो रचनाकार तो विसरतो, त्याचे कार्ड एकटे असताना गुणी, आणि शेजारी आला की भांडखोर.

अडचण पिढ्यांच्या अंतराची आहे. जुने यंत्र ५ व्होल्टांचे, नव्या चिपा बहुधा ३.३ व्होल्टांच्या. नवी बोलली तर जुन्याला समजते. जुने बोलले तर नवी जळू शकते. म्हणून मध्ये दुभाषी चिप बसवावी लागते. वीजही मोजकी: ५ व्होल्टांवर सगळ्या कार्डांना मिळून ५०० मिलिअँपिअर. आणि यंत्र चालू असताना कार्ड खोचायचे वा काढायचे नाही. कार्ड पुन्हा करता येईल. जुना फलक कोठून आणणार?

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे. या यंत्रांवर लोकांनी लिहिलेली पत्रे, हिशेब, मुलांनी रचलेले कार्यक्रम सव्वापाच इंची तबकड्यांवर आहेत. ‘अ‍ॅपल टू’ची लिहिण्याची पद्धत स्वतःचीच, पुढच्या आयबीएम-पद्धतीच्या संगणकांचे नेहमीचे तबकडीयंत्र ती वाचू शकत नाही. तबकडीवरचा चुंबकीय लेप तर वर्षागणिक खराब होत चालला आहे. सहाव्या खाचेत जुने तबकडी-कार्ड, सातवीत तुम्ही रचलेले नवे. एकाने वाचायचे, दुसऱ्याने आजच्या नखाएवढ्या मेमरी-कार्डावर उतरवून घ्यायचे. एका तबकडीवर अवघी १४० किलोबाइट माहिती. लेप शाबूत असेल, तर ती उतरवायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागत नाही.