मोटारीचा दम कां तुटतो?

घाट चढतांना मोटार एकाएकीं मंदावली, पॅडल तळाला टेकलें तरी तिला जोर येईना आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, म्हणजे मालकाच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो हा कीं, "टर्बो गेला!" गॅरेजांतही पुष्कळदां याच निदानावर शिक्कामोर्तब होतें. टर्बो हा मोटारीच्या महाग अवयवांपैकीं एक. त्यामुळें घरच्या जमाखर्चाचा सारा मेळ बिघडतो. आणि नवा टर्बो बसवूनही मोटार पूर्वीसारखीच रखडत राहिली, तर त्या गृहस्थाची स्थिति काय वर्णावी! म्हणून आज मी आपणांस एवढेंच सांगणार आहें कीं, दाब बिघडला म्हणजे टर्बोच बिघडला असें नव्हे. आधीं त्याला लगाम घालणारी व्यवस्था तपासावी.

टर्बो हें दोन चक्रांचें यंत्र आहे. इंजिनांतून बाहेर पडणारा धूर एक चक्र फिरवितो. त्याच दांड्यावरील दुसरें चक्र हवा दाबून इंजिनांत कोंबतें. हवा अधिक म्हणून इंधन अधिक, आणि इंधन अधिक म्हणून शक्ति अधिक. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरानें या कल्पनेचें पेटंट १९०५ मध्यें घेतलें. प्रवासी मोटारींत ती १९६२ सालीं अमेरिकेंत आली. हीं चक्रें मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊं शकतात. तेव्हां त्यांना लगाम हवाच. पाणचक्कीला पाणी फार येऊं लागलें तर बाजूचें दार उघडून तें दुसरीकडे काढून देतात. तसेंच धुराचा कांहीं भाग चक्राला वळसा घालून सोडणारें एक दार येथें असतें. त्यास वेस्टगेट म्हणतात. तें उघडण्यासाठीं स्प्रिंग व रबरी पडदा असलेली एक डबी असते. दाबलेली हवा बारीक नळींतून पडद्यावर येते, स्प्रिंग हटते व दार उघडतें. मध्यें एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो. मोटारीचा संगणक त्याच्याकरवीं या दाबाचा अंश दुसरीकडे वळवितो आणि दार हवें तितकें उशिरां उघडवितो.

आतां मौज पाहा. अशा रचनेच्या बहुतेक पेट्रोल मोटारींत सोलेनॉइडची तार सुटली, तर डबीला पुरा दाब मिळतो, दार लवकर उघडतें आणि मोटार मंद पडते. परंतु इंजिन सुरक्षित राहतें. उलट डबीकडे जाणारी नळीच निखळली, तर दाराला कांहीं कळतच नाहीं. तें मिटलेलें राहतें व दाब भलताच वाढतो. पुष्कळ डिझेल मोटारींत मात्र दार नसून चक्राभोंवतीं फिरतीं पातीं असतात, आणि तीं व्हॅक्यूमच्या ओढीनें हलतात. तेथें नळी फाटली कीं ओढ नाहींशी होते, पातीं मोकळीं पडतात व मोटारीचा दम तुटतो. भेग तीच, फळ उलटें! म्हणून आपल्या मोटारींत कोणती रचना आहे, हें प्रथम विचारून घ्यावें. अलीकडील कित्येक मोटारींत हें काम विजेची मोटर करते. तेथें अशी नळीच नसते.

तपासाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा. प्रथम स्कॅनर लावावा. पी ०२९९ हा संकेत दाब कमी असल्याचा, पी ०२३४ हा अधिक असल्याचा. पण हे संकेत लक्षण सांगतात, कारण सांगत नाहींत. ताप आहे एवढें थर्मामीटर सांगतें. रोग वैद्यानेंच शोधावयाचा. मग इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवावी आणि दाबाचा सेन्सर काय दाखवितो तें पाहावें. मुंबईस तो सुमारें १००, पुण्यास ९५, तर महाबळेश्वरास ८६ किलोपास्कल दाखवील. यांत मोठी तफावत आढळली, तर सेन्सरच्या साक्षीवर विश्वास ठेवूं नये.

पुढें हवेचा फिल्टर पाहावा. नंतर टर्बोपासून इंटरकूलर व तेथून इंजिन, असा सर्व मार्ग क्लिपांसकट तपासावा. सांध्यावर तेलकट धूळ जमली असेल, जोर देतांना फुस्स असा आवाज येत असेल किंवा डिझेल मोटार काळा धूर ओकत असेल, तर हवा गळत असण्याचा संभव मोठा. या मार्गांत थोड्या दाबाची हवा भरून वरून साबणाचें पाणी लावलें, तर बुडबुडे गळतीची जागा दाखवितात. त्यानंतर हातपंपानें डबी चालवून पाहावी. दांडी सहज सरकली पाहिजे व तेथेंच टिकली पाहिजे. टिकली नाहीं तर पडदा फाटला. मुळींच सरकली नाहीं तर दार अथवा पातीं काजळीनें अडकलीं. मग सोलेनॉइड, आणि टर्बो सर्वांच्या शेवटीं. एका वेळीं एकच वस्तु बदलावी. दोन बदलल्या तर दोष कोणाचा होता हें कधींच कळत नाहीं.

एक इशारा मात्र विसरूं नका. कमी दाब खिशाला चिमटा घेतो. अति दाब इंजिनच फोडूं शकतो. भरधाव असतां मोटार एकाएकीं धक्के देऊं लागली, तर संगणक इंधन तोडून इंजिन वांचवीत असण्याचा संभव आहे. अशा वेळीं पाय सैल करावा, सावकाश गाडी बाजूस घ्यावी व तपास झाल्यावांचून जोर देऊं नये. डबीची दांडी अंदाजानें आवळून जोर वाढविण्याचा उपाय तर कोणी सुचविला तरी करूं देऊं नये.

हीं सारीं कामें आपण स्वतः करावीं असें माझें म्हणणें नाहीं. परंतु नव्या टर्बोचें बिल मान्य करण्यापूर्वीं मेकॅनिकला तीन प्रश्न अवश्य विचारावे: संगणकानें दाब किती मागितला होता? प्रत्यक्ष किती मिळाला? आणि गळती कोठें कोठें तपासली? याचीं उत्तरें जो सरळ देईल, त्याच्या हातीं मोटार निःशंकपणें सोंपवावी.