मागं राहिलेल्याला हाक मारा

२०२० अन् २०२१ ला पायी वारी झाली नाही, पादुका एस्टीनं पंढरीला गेल्या. २०२२ ला आम्ही पुन्हा चालू लागलो. वाटलं, संकट टळलं. पण रोग ओसरला तरी मनातला घोर ओसरला नव्हता. सरकारी नोंद बघा. देशात २०१९ साली १,३९,१२३ माणसांनी जीव दिला, २०२१ ला १,६४,०३३, अन् २०२२ ला १,७०,९२४. सगळं करोनानंच झालं असं नव्हे. कर्ज, दुखणं, घरातला कलह आधीपासून हायेच. अन् मरणाचा विचार मनात घेऊन गुमान कामाला जाणारा त्या नोंदीत येत नाही. तो आपल्या शेजारीच असतो.

दिंडीत कुणी मागं राहिला तर आपण थांबतो, हाक मारतो. गावातही तसंच करावं. सरळ विचारा, "बाबा, जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तसला विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. तिथं कीर्तन लावू नका, ऐकून घ्या. एकटं सोडू नका, डॉक्टरकडं न्या. १४४१६ हा सरकारी फोन रात्रंदिवस फुकट चालतो, मराठीत बोलता येतं. नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा.

रामकृष्णहरी.