पावसाळा वगळलेला अहवाल



या सभागृहातले बरेचजण प्रकल्पांचे आराखडे करतात, काहीजण त्यांचे पर्यावरण आघात मूल्यांकन अहवाल लिहितात, आणि थोडेजण ते अहवाल तपासणाऱ्या समित्यांवर बसतात. म्हणून आज घरचाच विषय घेतो. पर्यावरणीय मंजुरी, आणि त्यातही जनसुनावणी, म्हणजे कामात घातलेला खोडा, असा समज आपल्या व्यवसायात रुजला आहे. १९९४च्या अधिसूचनेने मूल्यांकन सक्तीचे केले, १९९७मध्ये जनसुनावणी आली, २००६च्या अधिसूचनेने आजची चौकट घालून दिली. तेव्हापासून आपण सुनावणीकडे एक दिवस कसाबसा पार पाडायचा कार्यक्रम म्हणून पाहत आलो. माझे म्हणणे वेगळे आहे. सुनावणी हा अहवालाचाच तांत्रिक भाग आहे, कारण आपल्या अभ्यासपद्धतीतून जे हमखास निसटते ते तिथे हाती लागते.

काय निसटते, ते कोकणात आणि गोव्यात स्पष्ट दिसते. बहुसंख्य प्रकल्पांसाठी पायाभूत माहिती एकाच हंगामाची, आणि तीही पावसाळा सोडून, गोळा केली तरी चालते. हवेच्या नमुन्यांसाठी ही सोय समजण्यासारखी आहे; पावसात धूळ बसते, आकडे फसवे येतात. पण जांभ्याच्या सड्याचे काय? मार्चमध्ये तो करपलेला, उजाड कातळ असतो. महसुली दप्तरात पोटखराब आणि अहवालात ‘पडीक’. त्याच सड्यावर जुलैत पाणी साचते, बेडूक अंडी घालतात, श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवे आणि दवबिंदूसारख्या कीटकभक्षी वनस्पती फुलतात. सच्छिद्र जांभ्यातून मुरलेले पाणी खाली झऱ्यांना फुटते, त्यावर पायथ्याच्या विहिरी, बागा आणि कुळागरे उन्हाळा काढतात. हे सगळे तीन महिन्यांच्या कोरड्या सर्वेक्षणात दिसणार कसे? ते सांगू शकते ती पायथ्याची बाई, जिला कोणता झरा चैत्रातही आटत नाही हे माहीत असते. तिचे म्हणणे ‘भावनिक आक्षेप’ या सदरात टाकून आपण मोकळे होतो. खरे तर ती आपल्याला न मिळालेल्या हंगामाची नोंद देत असते.

गोव्यातल्या मोपाचे प्रकरण आपल्यासमोर आहे. पेडणे तालुक्यातल्या या पठारावरील विमानतळाची सुनावणी २०१५च्या फेब्रुवारीत झाली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मंजुरी मिळाली. २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मंजुरी स्थगित केली. कारण प्रकल्पाच्या अर्जात परिसरातल्या जंगलाची आणि संवेदनशील क्षेत्रांची माहिती दिलेली नव्हती. ५०,०००हून अधिक झाडे तोडावी लागणार, हेही प्रामाणिकपणे मांडलेले नव्हते. मूल्यांकन समितीनेही ते कागद नीट पारखले नव्हते. फेरविचारानंतर जानेवारी २०२०मध्ये वाढीव अटींसह स्थगिती उठली, देखरेख नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेकडे गेली, आणि २०२२च्या डिसेंबरात विमानतळाचे उद्घाटन झाले.

आता नेहमीचा आक्षेप: यात वेळ जातो, खर्च वाढतो. मोपात न्यायालयीन स्थगितीचे नऊ-दहा महिने गेले, हे खरे. पण ते पुनरावलोकनामुळे गेले की पहिल्या वेळी ते धड न केल्यामुळे? अर्जातले रकाने खरेपणाने भरायला आठवडाभर पुरला असता. उशिराचा हिशेब मांडताना आपण सुनावणीचे दिवस मोजतो, निष्काळजी अहवालामुळे कोर्टात गेलेले महिने मात्र ‘विरोधकां’च्या खात्यावर टाकतो. २००६च्या अधिसूचनेची जागा घेणाऱ्या २०२०च्या मसुद्यात सुनावणीच्या सूचनेची मुदत ३० दिवसांवरून २० वर आणायचे ठरत होते. त्यावर सुमारे १७ लाख हरकती-सूचना आल्या आणि तो मसुदा अंतिम झाला नाही. दहा दिवस वाचवण्याचा हा हट्ट मला कधीच कळला नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सुनावण्यांत गोंगाट होतो, बाहेरचे लोक येतात, राजकारण शिरते. होय, शिरते, समर्थनाच्या बाजूनेही माणसे गाड्या भरून आणली जातात. पण सुनावणी म्हणजे मतदान नव्हे, तिथे डोकी मोजायची नसतात. मुद्दे नोंदवून त्यांना उत्तर द्यायचे असते. गोव्यातल्या एका खाणीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९मध्येच सांगितले की, समितीने आक्षेपांचा विचार केला हे तिच्या कारणांतून दिसले पाहिजे. हे पाळले तर गोंगाट आपोआप गळून पडतो, मुद्दा तेवढा उरतो. आणि लोकांना फक्त नकारच देता येतो, हेही खरे नाही. ओडिशातल्या नियमगिरीच्या १२ ग्रामसभांनी २०१३मध्ये खाणीला नकार दिला, तशाच सिंधुदुर्गातल्या २५ ग्रामसभांनी आपली गावे पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे ठराव स्वतःहून केले. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी ते वारंवार नमूद केले आहे.

राहिला आपला स्वतःचा प्रश्न, आणि तो अवघड आहे. अहवाल लिहिणाऱ्याचे शुल्क प्रकल्पाचा मालकच देतो. या व्यवस्थेत निर्भीड अहवालाची अपेक्षा धरणे भाबडेपणाचे आहे. शुल्क स्वतंत्र निधीतून दिले जावे, यासाठी आपल्या संघटनेने सरकारकडे आग्रह धरला पाहिजे. स्थानिक भाषेत केवळ सारांश देऊन भागवण्याचा परिपाठही थांबावा; हजार पानांच्या इंग्रजी अहवालावर गावाने तीस दिवसांत काय बोलायचे? पण कायदा बदलेपर्यंत एक गोष्ट आपल्याच हातात आहे, आणि तिचा ठराव याच अधिवेशनात व्हावा अशी माझी विनंती आहे: कोकण आणि सह्याद्रीतल्या कोणत्याही सड्यावरील वा डोंगरउतारावरील प्रकल्पाच्या अहवालावर, पावसाळ्यातले सर्वेक्षण आणि सुनावणीतल्या प्रत्येक हरकतीला सकारण उत्तर असल्याशिवाय, आपला एकही सभासद सही करणार नाही.