समांतर धावपट्ट्या आणि मधली मोकळी जागा



भुसावळच्या माणसाला समांतर रुळांचे नवल सांगावयास नको. अप आणि डाऊन मार्गांत चार-पाच पावलांचे अंतर. तरी समोरासमोरच्या गाड्या रात्रंदिवस निर्धास्त जातात, कारण गाडीची वाट लोखंडाने बांधलेली आहे. घात होतो तो मधल्या जागेत कोणी आले म्हणजे. २२ जानेवारी २०२५ रोजी आपल्याच जिल्ह्यात, परधाडे स्थानकाजवळ, आगीच्या खोट्या वार्तेने घाबरून पुष्पक एक्स्प्रेसचे उतारू शेजारच्या रुळावर उतरले आणि कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. डझनभर माणसे गेली. आमचा आजचा विषय विमानांचा आहे, पण प्रश्न तोच आहे. विमानाला तर रूळच नाही. मग दोन विमाने शेजारी शेजारी उतरू लागली, तर त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो कोण?

मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून काम बहुतेक एकीवरच चालते. तरी २०१८ च्या डिसेंबरात तेथे चोवीस तासांत हजारावर विमाने चढली-उतरली. हा भार वाटून घेण्यासाठी नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला. त्याच्या आराखड्यात प्रत्येकी ३,७०० मीटरच्या दोन समांतर धावपट्ट्या आहेत व त्यांच्यामध्ये १,५५० मीटर अंतर आहे. आरंभ एकीवरच झाला. दिल्ली आणि बंगळूर येथे समांतर धावपट्ट्या आधीपासून आहेत.

दोन्ही धावपट्ट्यांवर एकाच वेळी, एकमेकांची वाट न पाहता विमाने उतरवावयाची, तर आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे त्यांच्या मध्यरेषांत निदान १,०३५ मीटर अंतर हवे. दोन्ही विमाने आपापल्या रेषेवर नीट लागेपर्यंत त्यांच्या उंचीत ३०० मीटरांचा फरक राखावा लागतो, नाही तर साडेपाच किलोमीटरांचे अंतर. दोन वाटांच्या मध्ये निदान ६१० मीटर रुंदीचा पट्टा मोकळा सोडलेला असतो. त्यात कोणी शिरावयाचे नाही. शिरलेच, तर रडारसमोरचा नियंत्रक शेजारच्या निरपराध विमानालाही तत्काळ बाजूला वळवतो. चुकलेल्याने सुधारावे याची वाट तो पाहत नाही.

आता थोडे गणित करू. उतरणाऱ्या विमानाचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ७० मीटर. ते तीस अंशांनी शेजारच्या वाटेकडे वळले, तर दर सेकंदाला ३५ मीटर आडवे सरकेल. म्हणजे मोकळ्या पट्ट्याची कड सहा सेकंदांत आणि शेजाऱ्याची वाट तीस सेकंदांत! तेवढ्यात नियंत्रकाने पाहावयाचे, ओळखावयाचे, बोलावयाचे. वैमानिकाने ऐकावयाचे आणि शेकडो माणसांचे यंत्र वळवावयाचे. कागदावर १,०३५ मीटर दिसतात. प्रत्यक्षात ती एका जाग्या माणसाची तीस सेकंदे आहेत.

तो माणूस जागा नसेल तर काय होते? ७ जुलै २०१७ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्को येथे दोन समांतर धावपट्ट्यांपैकी एकीचे दिवे बंद होते. टोरोंटोहून आलेल्या वैमानिकांनी चालू धावपट्टीलाच बंद धावपट्टी समजून शेजारच्या टॅक्सीमार्गाकडे रोख धरला. तेथे चार विमाने उड्डाणासाठी उभी होती आणि सर्व मिळून माणसे हजारावर. विमान जमिनीपासून साठ फुटांवर आल्यावर पुन्हा वर गेले. चौकशीत निघाले की, कप्तान एकोणीस तासांहून अधिक वेळ जागा होता, आणि मनोऱ्यात त्या वेळी सर्व कामे एकच नियंत्रक पाहत होता.

आपल्याकडे ७ जानेवारी २०२२ रोजी बंगळूरला दोन समांतर धावपट्ट्यांवरून दोन विमाने एकाच वेळी उडाली आणि एकमेकांकडे वळू लागली. एक धावपट्टी बंद करावयाचे ठरले होते. तो निरोप तेथल्या नियंत्रकाला पोचला नव्हता. रडारवरच्या नियंत्रकाने वेळीच ओरडून सांगितले म्हणून चारशेहून अधिक माणसे वाचली. आणि या प्रसंगाची कोणत्याही वहीत नोंद केलेली नव्हती, असे चौकशीत आढळले.

बंधुभगिनींनो, ही न झालेली नोंद आम्हांस त्या विमानांइतकीच धोक्याची वाटते. कामगार चूक लपवतो तो बहुधा शिक्षेच्या भयाने. आज झाकलेली चूक उद्या दुसऱ्याच्या पाळीत पुन्हा घडते. कोणी विचारील, मग बेपर्वा माणसाला मोकळे सोडावयाचे काय? मुळीच नाही. दारू पिऊन कामावर येणारा, मुद्दाम नियम मोडणारा, त्याची बाजू कोणत्याही युनियनने घेऊ नये. परंतु थकलेल्या प्रामाणिक माणसाची चूक ही त्याच्या पाळीची, माणसांच्या तुटवड्याची आणि अधिकाऱ्यांच्या हिशेबाचीही चूक असते. एकट्याला निलंबित केल्याने तो तुटवडा भरून निघत नाही.

१९७३ साली रेल्वेच्या इंजिनांवरील कामगारांनी संप केला, त्याची मुख्य मागणी दहा तासांच्या कामाची होती. लोकांना ती आळशांची मागणी वाटली. खरे तर ती उतारूंच्या जिवाची होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनेही हवाई नियंत्रकांची टंचाई आणि थकवा यांकडे सरकारचे लक्ष वेधले. नवी मुंबईची दुसरी धावपट्टी होईल तेव्हा सिमेंटाबरोबर माणसांचीही तरतूद व्हावी, त्यांना पुरती झोप मिळावी आणि चूक सांगणाऱ्याला संरक्षण असावे, एवढे आमचे म्हणणे आहे.

आपल्याकडून एकच अपेक्षा. उतरता उतरता विमान पुन्हा वर गेले, तर उशीर झाला म्हणून वैमानिकाला शिव्या देऊ नका. लाल सिग्नलला गाडी थांबवणाऱ्याला आपण दोष देत नाही, तसेच हे आहे.