रिपोर्ट येईपर्यंत
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला 'आरोग्य आणि आपण'. विषय मोठा आहे आणि आम्ही काही डॉक्टर नाही. तेव्हा त्यातल्या एका लहान कोपऱ्यापुरतेच बोलू. तपासणी झालेली आहे, रक्त किंवा गाठीचा तुकडा देऊन झालेला आहे आणि रिपोर्ट अजून हातात नाही, असे जे मधले दिवस असतात, त्यांच्याविषयी. रोगावर गोळी मिळते, या दिवसांवर मिळत नाही.

आपल्या भागाला हे दिवस नवीन नाहीत. परळला केईएम, वाडिया, टाटा ही रुग्णालये एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. केईएम १९२६ सालचे, टाटा १९४१ सालचे. थोडे पुढे गेले की शिवडीचे क्षयाचे रुग्णालय. टाटाच्या आसपास फुटपाथवर पिशव्या उशाला घेऊन बसलेली माणसे आपण रोज बघतो. कोणी बिहारचे, कोणी बंगालचे, कोणी आपल्याच विदर्भ-मराठवाड्याचे. काहींना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते, काहींना नाही. बसच्या खिडकीतून आपल्याला वाटते, यांचे उपचार चालू आहेत. त्यातले किती तरी एका कागदाची वाट बघत असतात.

आता आमच्या घरचे सांगतो. २००९ साल. आमच्या पत्नीच्या मानेला, उजव्या बाजूला, कानाखाली गाठ आली. दुखत नव्हती म्हणून दोन महिने तिने कोणाला सांगितले नाही. आम्ही गिरणी बंद पडल्यापासून वॉचमनची ड्युटी करत होतो आणि घर खरे चालत होते तिच्या डब्यांवर. रोजचे अकरा डबे. परळच्या एका मोठ्या रुग्णालयात दाखवले. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला सांगितला, गाठीचा तुकडा काढला आणि म्हणाले, "दहा दिवसांनी या. क्षय असेल, नाहीतर दुसरं काही असेल." त्या 'दुसऱ्या काही'चे नाव त्यांनीही घेतले नाही, आम्हीही विचारले नाही. चूक झाली ती आमची. नाव विचारले असते तर एकाच नावाची भीती वाटली असती. न विचारल्यामुळे सगळ्याच नावांची वाटली.

दहा दिवस का लागतात, हेही आम्हाला ठाऊक नव्हते. आम्हाला वाटे, वाईट आहे म्हणूनच लांबवतात. पुढे एका ओळखीच्या प्रयोगशाळेतल्या मुलाने समजावले. तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये मुरू द्यावा लागतो. मग त्यातले पाणी काढून तो मेणात बसवतात. त्या मेणाच्या चकत्या कापतात, एका मिलिमीटरचे काही हजारावे भाग इतक्या पातळ. त्या काचेवर घेऊन रंगवतात आणि मग डॉक्टर दुर्बिणीखाली बघतात. एवढ्यातच दोन-तीन दिवस जातात. शंका आली तर आणखी वेगळे रंग, आणखी दिवस. रांगेत आपल्या पुढे शेकडो तुकडे असतात ते वेगळेच. सांगायचं म्हणजे, उशीर हा निकाल नसतो बरं का. उशीर म्हणजे फक्त उशीर.

पण हे कळून रात्रीचे तीन टळत नाहीत. चाळीत सगळीकडे सामसूम, नळाला पाणी यायला अजून वेळ, आणि आम्ही दोघेही जागे, एकमेकांना झोप लागली आहे असे समजून गप्प. तिची सवय झाली होती गाठ चाचपायची. मोठी झाली का, मऊ झाली का. दाबून दाबून ती जागाच दुखायला लागली आणि दुखते म्हणून भीती आणखी वाढली. शेवटी ठरवले की सकाळी तोंड धुताना एकदा हात लावायचा, पुन्हा दिवसभर नाही. आम्ही आनापान करायला बसायचो. खरे सांगतो, भन्तेजींनी क्षमा करावी, डोळे मिटले की श्वास दिसायचा नाही, गाठच दिसायची. मग आम्ही मोठी बैठक सोडली आणि फक्त दहा श्वास मोजायचे ठरवले. ते जमायचे. त्याहून जास्त जमायचे ते मेथी निवडणे. तिच्या डब्यांची भाजी रात्री तीन वाजता निवडून होत असे.

शेजाऱ्यांचे एक सांगायला हवे. माणसे चांगली, पण येणारा प्रत्येक जण कोणाच्या तरी मरणाची गोष्ट घेऊन येई. "आमच्या मामीलाही इथंच होती." झालं, आमची ती रात्र गेली. शेवटी समोरच्या खोलीतल्या आक्कांनी ते काम अंगावर घेतले. कोणी जिन्यात विचारले की त्याच सांगत, "शुक्रवारी रिपोर्ट आहे, शुक्रवारनंतर विचारा." एवढ्या एका वाक्याने आम्हाला जो आराम दिला, तो कोणत्या काढ्याने दिला नाही.

पाचव्या की सहाव्या दिवशी तिने मुलाच्या जुन्या वहीचे पान फाडले आणि लिहायला बसली. एका बाजूला काळजी, दुसऱ्या बाजूला काम. अकरा डबे कोण करणार? भावजय महिनाभर येईल, विचारून झाले. मुलाची दहावी? संध्याकाळी विहाराच्या अभ्यासिकेत बसेल, जेवण आक्कांकडे. पैसे? भिशी आधी उचलता येते का बघायचे. धाकटीला काय सांगायचे? खरे तेच, पण शुक्रवारनंतर. शेवटची ओळ होती, 'मला काही झालं तर हे दारूकडे जातील का?' त्याच्यासमोर काम लिहिलेले नव्हते. ते पान तिने आमच्यासमोर ठेवले आणि भाकरी थापायला गेली. आम्ही त्या जागी काय लिहिले ते इथे सांगत नाही. इतकेच सांगतो की लिहिले, आणि आजपर्यंत पाळले.

नंतर एका पौर्णिमेला इथेच भन्तेजींकडून अंगुत्तर निकायातली नकुलमातेची कथा ऐकली, तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितले. नकुलपिता फार आजारी असतो. नकुलमाता त्याला नुसते धीर धर म्हणत नाही. त्याच्या मनात कोणकोणती काळजी असेल ती एकेक करून स्वतःच बोलून दाखवते. मुलांचे कसे होईल? मला सूत काततां येते, लोकर पिंजता येते, मी घर चालवीन. मी दुसरे घर करीन, असे वाटते का? तेही नाही. अशा सहा काळज्या, आणि प्रत्येकीला तिचे सरळ उत्तर. पुढे नकुलपिता बरा होतो आणि काठी टेकत तथागतांच्या भेटीला जातो. अडीच हजार वर्षांपूर्वीची बाई आणि आमच्या घरची बाई, दोघींनी एकच केले होते. भीतीचा गोळा सोडवून त्यातले धागे वेगळे केले. प्रत्येक धाग्याला काम सापडतेच असे नाही. पण धागा तरी हातात येतो.

शुक्रवार आला. आम्ही पाकीट घेतले आणि डॉक्टरांकडे न जाता बसस्टॉपवरच फोडले. सोबत पुतण्या होता, नुकता कॉलेजला जाऊ लागलेला. त्याने वाचले, "निगेटिव्ह लिहिलंय." निगेटिव्ह म्हणजे वाईट, एवढेच आम्हाला ठाऊक. तिथेच कठड्यावर बसलो. पत्नी मात्र म्हणाली, "अहो, उठा. ज्यांनी तपासायला सांगितलं त्यांनाच विचारू." डॉक्टर हसले. निगेटिव्ह होते ते जंतू दाखवणाऱ्या एका रंगाचे. बाकी तुकड्यात क्षयाच्याच खुणा होत्या. ज्याची भीती होती ते नव्हते. एक्स-रेही स्वच्छ होता. सहा महिन्यांच्या गोळ्या.

आमच्या आईवडिलांच्या काळी क्षय हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नसे, शिवडीला नेले म्हणजे काय ते समजून घ्यायचे. आणि आम्ही त्या दिवशी क्षय निघाला म्हणून पेढे आणले! आक्कांना कळेना हसावे की रडावे.

पण डबे होते. गिऱ्हाइकांना सांगायचे की नाही? आम्ही म्हणालो, नको. ती म्हणाली, सांगायचे. फुफ्फुसात नसलेला, नुसता गाठीतला क्षय दुसऱ्याला लागत नाही, आणि कोणताच क्षय ताटवाटीतून पसरत नाही, हे तिने डॉक्टरांकडून दोनदा विचारून घेतले होते. तेच तिने प्रत्येकाला सांगितले. अकरातले तीन डबे बंद झाले. दोघे दिवाळीनंतर परत आले, एक आला नाही.

आणि वाट बघणे तिथेही संपले नव्हते. मुंबईत औषधांना दाद न देणारा क्षय आहे, म्हणून जंतू वाढवायला ठेवले होते. हा जंतू फार सावकाश वाढतो. साधे जंतू वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतात, याला पंधरा-वीस तास लागतात. काचेच्या नळीत अंड्याचे हिरवट खाद्य घालून त्यावर तो उगवतो की नाही हे बघतात, आणि काहीच उगवले नाही असे म्हणायला आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात. तोवर आठवड्यातून तीनदा, त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे, केंद्रावर जाऊन समोर गोळ्या गिळायच्या. हे आठ आठवडे पहिल्या दहा दिवसांपेक्षा हलके गेले. पान भिंतीला चिकटवलेले होते, आणि यावेळी आम्ही आधीच विचारून ठेवले होते की काय बघताहेत, किती दिवस लागतील, आणि वाईट निघाले तर पुढचे औषध कोणते. आता जीन एक्सपर्ट म्हणून तपासणी आहे. मुख्य औषध लागू पडेल की नाही ते दोन तासांच्या आसपास सांगते. पण नमुना देणे, नंबर लागणे, कागद मिळणे यात दिवस जातातच.

हल्ली रिपोर्ट मोबाईलवर येतो, तोही रात्री अकराला, डॉक्टरांनी बघायच्या आधी. माणूस अंथरुणात एकटा बसून इंग्रजी शब्द शोधत राहतो. आमचे बसस्टॉप निदान उजेडात तरी होते.

महिला मंडळाने यावर्षीपासून एक ठरवले आहे, ते सांगून थांबतो. ज्यांना रिपोर्ट घ्यायला जाताना कोणी सोबत हवे असेल, त्यांनी पौर्णिमेच्या वंदनेनंतर आक्कांकडे नाव द्यावे. आजार सांगायची गरज नाही. फक्त दिवस आणि वेळ सांगायची. आमची मंडळी दुपारी अडीचनंतर मोकळी असते, डबे गेल्यावर.

जयभीम.