देवावरील भरवसा : माझा अनुभव

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



महिन्यापूर्वी चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "या वर्षी तुम्ही बोलायचे." मी म्हटले, "अहो, मी सातवीपर्यंत शिकलेली. पापड-कुरडया सांगा, करून देते. भाषण कसले करू?" त्या म्हणाल्या, "तुमच्या घरावर एवढे संकट आले, तरी तुम्ही शांत कशा राहिलात, तेवढेच सांगा."

तर पहिली गोष्ट ही की, मी शांत नव्हते. तुम्हाला मी शांत दिसले, कारण त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडाला पट्टी बांधलेली होती!

माझे माहेर धुळ्याचे, सासर जळगावचे. दोन्ही घरे ख्रिस्ती. माझे वडील शिवणकाम करीत. लग्नसराईत हाताला काम असे, पावसाळ्यात नसे. रोज रात्री जेवणापूर्वी आम्ही प्रार्थना करीत असू. काही अडचण आली की आईचे एकच बोलणे, "देव शे ना, माय." लहानपणी मला त्या बोलण्याचा राग येई. एकदा डब्यात पीठ नव्हते आणि आई नेहमीप्रमाणे तेच म्हणाली. मी चिडून म्हटले, "देव आहे, पण पीठ कुठे आहे?" आईला हसू आले. तिने माझ्या हातात पातेले दिले आणि म्हणाली, "देव शे म्हनीसन शेजारीन शे. जा, मांगी आन." शेजारच्या काकूंनी पातेले भरून पीठ दिले. मला मागायची लाज वाटली होती, एवढेच तेव्हा ध्यानात राहिले.

आता २०२१ सालचे सांगते. आदल्या वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा ईस्टरचा सण आम्ही घरातच केला. या वर्षी तरी सगळे सुरळीत होईल असे वाटत होते. ४ एप्रिलला ईस्टर झाला आणि त्याच आठवड्यात यांना ताप आला. हे डाळमिलमध्ये यंत्रावर कामाला होते. दोन दिवसांनी मोठे दीरही आजारी पडले. ते रिक्षा चालवीत. आमची घरे एकाच गल्लीत आहेत. मोठ्या खटपटीने दोघांना एका दवाखान्यात जागा मिळाली, तीही निरनिराळ्या खोल्यांत. जाऊबाईंनाही ताप होता, म्हणून त्या व त्यांच्या दोघी मुली घरात बंद. आम्हीही घरात बंद. संध्याकाळी दवाखान्यातून फोन येई. अमक्याचा प्राणवायू ८८, तमक्याचा ८२. आयुष्यात कधी न ऐकलेले हे आकडे आम्ही दोघी जावा आपापल्या दारात उभ्या राहून एकमेकींना ओरडून सांगत असू.

त्या दिवसांत मी प्रार्थना फार केली. पण ती कशी केली, ते सांगावयास हवे, नाहीतर हे भाषण खोटे होईल. मी देवाशी भाव करीत होते. बाजारात भरताच्या वांग्यांचा करतो ना, तसा. "यांना बरे कर, मी दर शुक्रवारी उपास करीन. दोघांनाही बरे कर, मी हातातल्या बांगड्या देवळात देईन." सकाळी एक बोली, रात्री दुसरी, वाढवून. आणि प्रार्थना करून उठले की आधीपेक्षा जास्त भीती वाटे. कारण बोली कमी तर पडली नाही ना, ही नवी काळजी लागे! तुमच्यापैकी ज्यांनी नवस बोललेले आहेत, त्यांना हे समजेल. देवाचे नाव निराळे असले, तरी बाईचे मन सारखेच.

सहाव्या की सातव्या रात्री मी अगदी थकले. बोली लावायलाही काही उरले नव्हते. धाकट्याला भूक लागली होती, म्हणून उठले आणि कणीक मळावयास बसले. मळता मळता मला रविवारच्या शाळेतली गोष्ट आठवली. येशू आणि त्याचे शिष्य नावेत आहेत, समुद्रात वादळ उठले आहे आणि येशू नावेच्या मागल्या बाजूस उशी घेऊन झोपला आहे. शिष्य घाबरून त्याला उठवितात. पुढे वादळ शमते, हे सगळ्यांना माहीत आहे. शाळेत आम्ही त्याचेच चित्र काढीत असू. पण त्या रात्री मला वादळ शमण्याचे काही वाटले नाही. तो त्याच नावेत होता, एवढेच मनात आले. काठावर उभा राहून तो बघत नव्हता. पाणी त्यालाही लागत होते.

मला आवाज ऐकू आला नाही, उजेड दिसला नाही. कोणी तसे सांगते तेव्हा मी मान डोलावते, पण माझ्या बाबतीत ते घडले नाही. झाले ते इतकेच की, मी पोळ्या केल्या, मुलांना वाढले, आणि कित्येक दिवसांनी स्वतःही दोन घास खाल्ले. मग म्हटले, "देवा, दोघे तुझ्या हातात आहेत. मी आता काही देऊ करीत नाही." आणि झोपले. भीती होती. पण तिच्यासकट झोप लागली. मी ज्याला शांती म्हणते ती ही.

दुसऱ्या आठवड्यात मोठे दीर गेले.

हे बाराव्या दिवशी घरी आले.

दिरांच्या दफनविधीला चारपाच माणसेच होती. पाळकसाहेब पांढरा पोशाख घालून लांबून प्रार्थना म्हणाले. जाऊबाईंना जाता आले नाही. त्यांनी दारातूनच हात जोडले. पुढे बंदी उठल्यावर मी त्यांच्याकडे जाऊन बसले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "तू दोघांसाठी प्रार्थना केली होतीस ना?"

मी म्हटले, "हो."

"सारखीच?"

भगिनींनो, या प्रश्नाला मी काय उत्तर देणार? देवाची इच्छा, असे म्हणता आले असते. भेटावयास येणारे तेच म्हणत होते. पण माझा माणूस घरी खाटेवर पेज पीत बसला होता आणि त्यांचा मातीत गेला होता. ज्याच्या घरी माणूस परत आला, त्याने दुसऱ्याला देवाची इच्छा समजावू नये, असे माझे मत झाले आहे. मी गप्प बसले. त्यांच्या घरची भांडी पडली होती ती घासली आणि घरी आले.

यांना घरी आणल्यावर आम्हाला चौदा दिवस बाहेर निघण्याची मनाई होती. सासूबाईंच्या पेटीत लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या पुस्तकाची जुनी प्रत होती. सासूबाई ती पुनःपुन्हा वाचीत. मी आजवर चाळली होती, वाचली नव्हती. त्या दिवसांत पहिल्या पानापासून वाचली.

लक्ष्मीबाईंचे नाव तुम्ही ऐकले असेल. नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म १८६८ सालचा. शाळा अशी त्यांना नव्हती, जे शिकल्या ते लग्नानंतर. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि त्या मुलाला घेऊन चारपाच वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे पतीकडे आल्या आणि १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. आज आहे तो उद्या असेल याचा नेम नाही. बाई तो संसार रडत ओढीत नाहीत, हसत सांगतात. मी यांच्या उशाशी बसून वाचता वाचता मोठ्याने हसले, तेव्हा हे घाबरून उठले!

आणि त्या पुस्तकात आपले खानदेशही आहे. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी. १९०७ साली आपल्या जळगावात पहिले कविसंमेलन भरले. टिळक तेथे आले होते. पोरसवदा ठोंबऱ्यांना 'बालकवी' हे नाव त्याच संमेलनात मिळाले. पुढे ते अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. ते हिंदू, घर ख्रिस्ती. त्या काळी ही केवढी गोष्ट! लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर आईसारखी माया केली. आणि ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातात ते गेले. वय अवघे सत्तावीस. भादली म्हणजे कुठे दूर नाही; जळगावहून भुसावळकडे गाडी निघाली की पहिलेच स्टेशन. जाऊबाईंचे माहेर भुसावळचे. आम्ही दोघी त्या स्टेशनावरून किती वेळा गेलो असू, पण मला त्याचा पत्ता नव्हता. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ ला, टिळक मुंबईस वारले.

एका वर्षात मानलेला मुलगा गेला आणि नवरा गेला. मी पुस्तक मिटून बसले. या बाईने प्रार्थना केली नसेल काय? तिचा विश्वास माझ्याहून कमी होता काय?

पंडिता रमाबाईंचेही तसेच. आज आपण बायका मंडळ म्हणून एकत्र बसतो. त्यांनी १८८२ सालीच पुण्यास आर्य महिला समाज काढला, आणि तेव्हा त्या ख्रिस्तीही नव्हत्या. पुढे दुष्काळात उपाशी मरणाऱ्या शेकडो मुलींना त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात आणले, जगविले. अशा बाईची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली आईच्या आधी गेली. तेव्हा विश्वास म्हणजे विम्याचा हप्ता नव्हे, की भरला म्हणजे घरात मरण यायचे नाही. मला हे आधी कळत नव्हते. उपदेशात ऐकले असेल, पण ऐकणे वेगळे.

लक्ष्मीबाईंची आणखी एक गोष्ट मला फार धरून ठेवते. टिळकांनी येशूच्या चरित्रावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहावयास घेतले होते. सुमारे साडेदहा अध्याय झाले आणि ते गेले. अर्धा राहिलेला अध्याय डोळ्यांसमोर! पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. चौसष्ट! जिला शाळा नव्हती त्या बाईने. मी काही काव्य लिहिणार नाही. पण जाऊबाईंकडे अर्धे शिवलेले झंपर यंत्रावर तसेच पडले होते. एक दिवस मी ते पुरे करावयास बसले. मला शिवण येत नाही, शिंप्याची मुलगी असून! बाही उलटी लागली. जाऊबाई उठून आल्या, म्हणाल्या, "सर, तुझ्याने व्हायचे नाही." आणि त्या यंत्रावर बसल्या. दीर गेल्यापासून प्रथमच.

आता तुमच्याविषयी बोलते. त्या दिवसांत आमच्या फाटकावर रोज डबा अडकविलेला असे. कोणी आणला ते कळत नसे, पण शेवभाजीच्या तिखटावरून मी दोन घरे ओळखली होती. समोरच्या वहिनींनी यांच्यासाठी सोमवार धरले, मागच्या गल्लीतल्या भाभींनी नमाजात दुवा मागितली. काही जणी वर्षभर आमच्या दारावरून तोंड फिरवून गेल्या, हेही खरे. त्यांचा मला राग नाही. भीती मी घरातच पाहिली होती. आणि मंडळाच्या भिशीत जाऊबाईंचा नंबर शेवटचा असताना तुम्ही तो पहिला केलात, चिठ्ठ्या न टाकता. दोन्ही मुलींची फी त्यातून भरली. तुम्ही ते कोठे बोलला नाहीत, म्हणून मी आज बोलते. आईचे पातेले मला तेव्हा आठवले.

सध्या आमचे कसे चालले आहे, असे कोणी विचारील. यांना डाळीची धूळ सोसत नाही. यंत्रावरून काढून फाटकावर बसविले आहे, पगार कमी झाला आहे. तेही काम किती दिवस राहील, सांगता येत नाही. थोरल्या मुलाने परीक्षा दिली आहे, निकाल लागावयाचा आहे. मी प्रार्थना करते, पण भाव करीत नाही. कधी कधी जुनी सवय उसळते. मग बोली अर्ध्यावर सोडून देते आणि कणीक मळते.

जाऊबाई आज येथेच बसल्या आहेत. त्यांना विचारूनच मी हे सगळे बोलले. त्या मंदिरात येतात, कधी येत नाहीत. मी ओढीत नाही. त्यांचा तो प्रश्न अजून तसाच आहे, आणि माझ्यापाशी अजूनही उत्तर नाही. परवा आम्ही दोघी भुसावळहून येत होतो. गाडी भादलीला थांबली. मी त्यांना बालकवींची हकीकत सांगितली. त्या खिडकीतून रुळांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या बाईने कसे सोसले असेल गं?" मी म्हटले, "पुस्तक देते, वाचा." आता ते पुस्तक त्यांच्याकडे आहे.

चिटणीसबाई घड्याळ बघत आहेत. उद्या आमच्या गच्चीवर ज्वारीचे बिबडे घालायचे आहेत. पीठ पहाटेच शिजवावयास घेणार आहोत, आणि जाऊबाई म्हणतात, धोतरे कमी पडतील. ज्यांना सवड असेल त्यांनी एकेक घेऊन यावे.